अंगणातील तगरीवर विष नको

पावसाळ्यात अंगणातील तगर हिरवीगार असते आणि एके सकाळी पाहावे तो तिचे शेंडे पर्णहीन झालेले आढळतात. खाली मिऱ्यांएवढे काळसर दाणे पडलेले असतात. ही एका मोठ्या हिरव्या अळीची विष्ठा होय. शेपटाशी आखूड शिंग व डोक्यामागे डोळ्यांसारखे दोन निळसर ठिपके, ही तिची खूण. कण्हेरीवरही हीच अळी येते.

अशा वेळी कापसावर मारून उरलेले औषध बाहेर निघते. आमच्या मते ही चूक आहे. तगरीची फुले दुसऱ्याच दिवशी देवपूजेस जातात. झाडाखाली मुले खेळतात, कोंबड्या दाणे टिपतात. बी. एच. सी.ची भुकटी एके काळी सर्रास वापरली जाई. १९९७ साली तिच्यावर देशात बंदी आली. हा धडा विसरू नये. शिवाय, पाने गेली तरी जोमदार तगर पुन्हा फुटते.

इलाज हाताशीच आहे. विष्ठा पडली असेल तिच्या नेमके वर फांदीवर पाहावे. अळी तेथेच सापडते. ती वेचून साबणाच्या पाण्यात टाकावी. हा क्रम आठवडाभर चालवावा. कण्हेर विषारी आहे, म्हणून नंतर हात धुवावेत. कोष पालापाचोळ्यात दडतात. तो झाडून काढावा.

झाडे पुष्कळ असल्यास ५० ग्रॅम निंबोळीच्या मगजाची भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, गाळून त्यात किंचित साबण मिसळावा व सायंकाळी फवारावे. उन्हाने अर्काचा गुण लवकर जातो. ‘फवारले, पण अळी मेली नाही,’ अशी तक्रार येते. निंबोळी अर्क अळीस तत्काळ मारीत नाही. तिचे खाणे मंदावते व कात टाकणे बिघडते. चार दिवस धीर धरावा. लहान अळ्यांवर बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूची भुकटीही गुणकारी आहे. परंतु तुतीच्या मळ्याजवळ ती वापरू नये, कारण रेशमाचा किडाही अळीच आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अंगणात आपण दिलेला सल्ला शेतापर्यंत पोहोचतो. दहा अळ्यांसाठी विषाची बाटली सुचविणाऱ्याने शेतात संयम शिकविला, तर तो कोण ऐकेल? प्रथम अळी ओळखावी, मग हात वापरावा, त्यानंतर निंबोळी. हा क्रम घरच्या तगरीवर शिकलेला शेतकरी पिकावरही विचारपूर्वक वागेल.