खरेदीला जाताना : कानातला डग्गा

सोलापूरच्या एक भगिनी विचारतात, "मुलीला इअरफोन घ्यायचेत. नवी पेठेत दुकानदार प्रत्येकाचा 'बेस दणकट' म्हणतो. पारख कशी करावी?"

भगिनी, मुलीला बरोबर न्या; कान तिचे आहेत. आपल्याच मोबाईलवर, तबल्याची साथ असलेले ओळखीचे एकच गाणे प्रत्येक जोडावर तिला ऐकू द्या. डग्ग्याचा घुमार भरीव हवा, पण त्यात शब्द बुडता कामा नयेत. आवाज सगळ्यांना सारखाच ठेवा. मोठ्याने वाजणारा जोड उगीचच चांगला वाटतो.

बेस पोकळ वाटला तर लगेच नापसंत करू नका. सोबतच्या लहान-मोठ्या रबरी टोप्या बदलून पाहा. टोपी सैल बसली की बेस निसटतो, शेजारच्या मागांचा खडखडाट आत शिरतो, आणि मुले आवाज वाढवत बसतात. धोका तिथेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो. ९० डेसिबल असेल तर फक्त ४ तास. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही हो!

तेव्हा किमतीआधी नीट बसतो का ते पाहा. आणि हो, दुकानातला नमुना पुसल्याशिवाय कानात घालू देऊ नका.