भांड्यावरचे नाव

आमच्या घरी पिण्याचे पाणी आजही ज्या पितळी भगोण्यात उकळते, ते माझ्या लग्नाच्याही आधीपासून चुलीवर चढत आले आहे. चूल गेली, स्टोव्ह आला, मग गॅस आला; भगोणे तेच राहिले. त्याचा तळ एका बाजूने किंचित बसला आहे, म्हणून ते शेगडीवर विशिष्ट कलानेच ठेवावे लागते. घरात नव्याने आलेल्या सुनेला पहिल्या आठवड्यात एवढे एक शिकवावेच लागते.

त्याच्या काठाखाली टिंबाटिंबांनी कोरलेले एक नाव होते. होते असेच म्हटले पाहिजे. राखेने आणि चिंचेने रोज घासून घासून आता दोन अक्षरे आणि एक वेलांटी तेवढी शिल्लक आहे. ते नाव कोणाचे, हे विचारण्याचे मला तीस वर्षांत कधी सुचले नाही.

सुचले ते सासूबाईंच्या पश्चात, नगरच्या जुन्या घराचा माळा रिकामा करताना. घंगाळ, कळश्या, तपेली, ओगराळे, दोन थोरल्या पराती, सारे काळवंडून एकमेकांत अडकून बसले होते. मोडवाला काटा घेऊन ओसरीवर येऊन बसला होता. ‘भाभी, तांबे वेगळे अन् पितळ वेगळे करू ना?’ एवढाच त्याचा प्रश्न. जाऊबाईंनी परात किती जाड आहे हे पाहण्यासाठी तिचा काठ चिंचेने घासला आणि अक्षरे उजळली. एका स्त्रीचे नाव, तिच्या माहेरच्या गावाचे नाव आणि ‘मामाकडून भेट’.

त्या आमच्या आजेसासूबाई. घरात त्यांचा उल्लेख नेहमी ‘मोठ्या बाई’ असा होई. आमच्या वंशावळीत सहा पिढ्यांतील पुरुषांची नावे क्रमवार आहेत. स्त्रियांच्या जागी काही नाही. त्यांचे खरे नाव आमच्या पिढीत कोणालाच ठाऊक नव्हते. ते परातीला ठाऊक होते. आणि ती परात आणखी अर्ध्या तासाने किलोच्या भावात जाणार होती. भगोण्यावरची दोन अक्षरे आणि वेलांटी त्याच नावातली निघाली.

आपल्या नगरला भांड्यांचे अप्रूप वाटावे असे खरे तर काही नाही. १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये या जिल्ह्याच्या उद्योगांत तांब्या-पितळेच्या भांड्यांची नोंद आहे. लग्नात भांडी द्यायची आणि त्यांवर नाव घालून द्यायची, ही रीत घरोघरी होती. तांबट अणकुचीदार खिळा हातोडीने ठोकत टिंबे पाडी. पुढे यंत्र आले, अक्षरे सलग झाली. मग स्टेनलेस स्टील आले. त्याला कल्हई नको, चिंच नको, ते वजनाला हलके. घरोघरच्या बायकांनी पितळ मोडीत घालून हौसेने स्टील घेतले, आणि त्यांना दोष देण्याचा आपल्याला अधिकार नाही. हंड्याचे ओझे कमरेवर त्यांनीच वाहिले होते.

मला दुःख होते ते दुसऱ्याच गोष्टीचे. हल्ली हाच हंडा लाखेसारखे चकचकीत रोगण लावून, आत प्लॅस्टिकची फुले खोचून दिवाणखान्यात उभा केलेला दिसतो. त्यात पाणी नाही, त्याला हात नाही. पण माझ्या म्हणण्यात एक अडचण आहे आणि ती मी लपवत नाही. माळ्यावरच्या परातीवरचे नाव टिकले, कारण ती वापरली गेली नाही. रोजच्या भगोण्यावरचे झिजले, कारण ते वापरले गेले.

पुष्कळ विचार करून आम्ही मार्ग काढला. प्रत्येक भांडे धुऊन त्यावरचे नाव, गाव, साल जसेच्या तसे एका वहीत उतरवले. अकरा स्त्रियांची नावे मिळाली, त्यांतील चार आम्हाला अगदी नवी. मग ज्याच्या घरी जे भांडे खरोखर वापरले जाईल, त्याला ते दिले. उरलेले मोडवाल्याने नेले. नुसता संग्रह करून काय साधणार?

वापरायचे तर कल्हईचे पाहावे लागते. पाण्याला ती नसली तरी भागते. पण ताक, आमटी, चिंचेचे सार बिनकल्हईच्या पितळेत ठेवले की कळकते आणि ते पोटात जाणे बरे नव्हे. भांडे तापवायचे, नवसागराची पूड टाकायची, कथिलाची कांडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्याने क्षणात ते सर्वत्र पसरवायचे, एवढेच ते काम. पण ते करणारे हात आता शोधावे लागतात. कथील शुद्ध आहे ना, त्यात शिसे नाही ना, हे आवर्जून विचारावे. पूर्वी कल्हईवाल्याची आरोळी गल्लीत आली की आम्हीच भांडी घेऊन धावत असू. या वेळी चौकशी करत तीन बाजार फिरलो.

ती परात धाकट्या सुनेने पुण्याला नेली. कणीक ती त्यातच मळते. परवा तिचा फोन आला, ‘मम्मी, चिंच संपली आहे, लिंबाच्या साली चालतील का?’ चालतात, म्हटले. नावाच्या बाजूला मात्र जरा हलक्या हाताने घास.