पालखी साऱ्यांची, मुलगा शेजाऱ्याचा

तुकोबांची पालखी बारामती सोडते तेव्हा काटेवाडीत परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि धनगर आपल्या मेंढ्या घेऊन पालखीभोवती रिंगण धरतात. पुढे सणसर, बेलवडी, अंथुर्णे, निमगाव केतकी असे करीत सोहळा इंदापुरात येतो. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली पालखीची ही रीत घातली असे वारकरी मानतात. एवढ्या वर्षांत विणेकरी पाहिजेत, मृदंगवादक पाहिजेत, अशी जाहिरात कुणी दिल्याचे ऐकिवात नाही. पोरगे आधी बापाच्या खांद्यावरून दिंडी पाहते, मग हाती पताका घेते, पुढे टाळ आणि मृदंग. एखाद्या वर्षी म्हातारे विणेकरी थकतात आणि वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते. माणसे कुठून आली, असा प्रश्नच पडत नाही, कारण ती चालता चालता तयार झालेली असतात.

हे सारे मी बाहेरून पाहिले आहे. मी मूळचा वसईचा, कॅथॉलिक. बँकेच्या नोकरीत ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तीन वर्षे इंदापूर शाखेत होतो. उसाची बिले, पीककर्जे, आठवडे बाजाराच्या दिवशी कॅशियरपुढे लागणारी रांग, यातच आठवडा सरे. रविवार मात्र अंगावर येई. आम्हा कॅथॉलिकांची घरे तिथे हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी होती. कुणी परिचारिका, कुणी शिक्षिका, कुणी बदलीवर आलेला माझ्यासारखा नोकरदार. धर्मगुरू महिन्यातून एखाद्या रविवारी यायचे, तेही एस. टी. वेळेवर मिळाली तर. एरवी आम्ही एकाच्या घरी जमून जपमाळेची प्रार्थना म्हणायचो, शुभवर्तमानाचा उतारा वाचायचो आणि चहा घेऊन पांगायचो.

बिगरख्रिस्ती वाचकांसाठी इथे थोडे सांगायला हवे. प्रार्थना कुणीही चालवू शकतो. बाप्तिस्मा तर अडीअडचणीला कुणीही देऊ शकतो. परंतु मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस अर्पण करण्याचा जो विधी आमच्या उपासनेचा गाभा आहे, तो दीक्षित धर्मगुरूवाचून होत नाही. कीर्तनकार आला नाही तर गावातला एखादा जाणता माणूस भजनाला उभा राहू शकतो. आमच्याकडे धर्मगुरू नाही म्हणजे मिस्सा नाही. म्हणूनच धर्मगुरू कुठून येणार हा प्रश्न चर्चच्या कार्यालयातल्या फायलींपुरता राहत नाही. तो चार घरांच्या रविवारचा प्रश्न होतो.

धर्मगुरू किंवा धर्मभगिनी होण्याची जी ओढ मनात उत्पन्न होते तिला आम्ही ‘पाचारण’ म्हणतो. हाक देव देतो, माणूस ती ऐकतो, अशी श्रद्धा. पोप सहावे पॉल यांनी १९६४ सालापासून ईस्टरच्या काळातला चौथा रविवार या पाचारणांसाठी प्रार्थना करण्याचा दिवस म्हणून ठरवून दिला. त्या रविवारी चर्चमध्ये मेंढपाळाविषयीचा उतारा वाचला जातो, आणि तो ऐकताना मला हटकून काटेवाडीचे रिंगण आठवते.

महाराष्ट्रात एके काळी हे धर्मगुरू परदेशातून येत. पुणे धर्मप्रांत १८८६ साली स्थापन झाला, तेव्हा दख्खनच्या खेड्यांतून जर्मन येशूसंघीयांची ये-जा होती. इथल्याच मुलांनी इथले धर्मगुरू व्हावे हा विचार पोप तेरावे लिओ यांनी धरला आणि १८९३ साली श्रीलंकेत कँडी येथे एक मोठे गुरुविद्यालय उघडले. तेच १९५५ साली पुण्यात नगर रस्त्याला आले. आज पेपल सेमिनरी म्हणून ते ओळखले जाते आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतली मुले तिथे शिकतात. बारावीनंतर धरले तरी दीक्षा मिळेपर्यंत साधारण दहा वर्षे जातात. डॉक्टर होण्याइतकाच, किंबहुना अधिक लांबचा हा रस्ता आहे, आणि शेवटी हाती लग्न नाही, मालमत्ता नाही, बदली कुठे होईल याचा नेम नाही.

आमच्या वसईने ही माणसे भरभरून दिली. आम्ही सहा भावंडे. थोरली बहीण अठराव्या वर्षी मठात गेली आणि आयुष्यभर दूरदूरच्या दवाखान्यांतून परिचारिका म्हणून राबली. ती निघाली त्या दिवशी आई रडली, पण शेजारणींना म्हणाली, “दिलेलं मूल परत मागायचं नसतं.” मात्र तिच्यामागे घरात पाच मुले होती, हेही खरेच. आज वसईत काय आणि बारामतीत काय, घरात एक मूल, फार तर दोन. जगभराचे आकडे पाहिले तर १९७० च्या सुमारास धर्मभगिनी दहा लाखांच्या घरात होत्या. आता त्या सहा लाखांच्याही आत आल्या आहेत. धर्मगुरू सुमारे चार लाख आहेत. युरोपात ते घटत आहेत, आशिया-आफ्रिकेत वाढत आहेत. परंतु आफ्रिकेत वाढले म्हणून इंदापूरच्या घराला रविवारी धर्मगुरू मिळत नाही.

शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरात, असे आपण म्हणतो. धर्मगुरूंचेही तसेच झाले आहे. चांगला धर्मगुरू साऱ्यांना हवा. तो विद्वान हवा, मराठी नीट बोलणारा हवा, आजाऱ्याच्या घरी रात्री-अपरात्री धावणारा हवा. फक्त तो आपला मुलगा नको.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. त्याचा एकुलता मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्याने जेवणाच्या ताटावर सांगितले, शिक्षण पुरे झाले की मला सेमिनरीत जायचे आहे. घरात कुणी रागावले नाही, कुणी आनंदलेही नाही. दुसऱ्या दिवशी भाच्याचा मला फोन आला. “मामा, तुमचं तो ऐकतो. तुम्ही त्याला समजावा.” रविवारची मिस्सा सहसा न चुकवणारे, नातेवाइकांत भाविक म्हणून नावाजलेले हे घर. गेली कित्येक वर्षे पाचारणांसाठीच्या प्रार्थनेला “हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक” असे इतरांबरोबर ही मंडळीही म्हणत आली. ती ऐकली गेली, आणि घरात सुतक आल्यासारखे झाले.

मी भाच्याला दोष देत नाही. म्हातारपणी कोण, हा प्रश्न काही खोटा नाही. पण या प्रसंगाने एक गोष्ट मला लख्ख दिसली. पाचारणे कमी झाली म्हणून चर्चमध्ये जी चिंता चालते, तिचा रोख बहुधा मुलांकडे असतो. मोबाइलने बिघडवले, चंगळवाद आला, त्यागाची वृत्ती राहिली नाही, वगैरे. मग शिबिरे होतात, रंगीत पत्रके निघतात, हुशार मुलांच्या याद्या होतात. बँकेत ठेवी वाढवण्याची मोहीम निघे तिची मला आठवण येते. मार्चअखेर आकडा फुगे आणि एप्रिलमध्ये ओसरे. टिकणारी ठेव येई ती वर्षानुवर्षे खातेदाराशी नीट वागलेल्या शाखेत. इथेही तसेच आहे. पाचारण ही भरती नव्हे. एकत्र उपासना करणाऱ्या समाजात ते उगवते, आणि घराने जागा दिली तर वाढते. यांतली एक गोष्ट नसेल तर शिबिरांनी काही साधत नाही.

उपासनेविषयी आधी बोलू. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लॅटिन सोडून लोकभाषेत आली. आमच्या लहानपणी मराठी गायने नवी नवी होती, आणि आम्ही पोरे वेदीजवळ धूपपात्र धरायला, घंटा वाजवायला धडपडत असू. त्या धडपडीतून पुढे काही जण धर्मगुरू झाले. आज अनेक ठिकाणी तरुण मुलगा चर्चमध्ये मागच्या बाकावर उभा असतो, कारण त्याला करायला काही नसते. वाचन ठरावीक माणसांकडे, गायन ठरावीक मंडळींकडे. दिंडीत मात्र पाण्याची घागर डोक्यावर घेणाऱ्या बाईलाही स्थान असते. काम दिल्याशिवाय माणूस आपला होत नाही, ही साधी गोष्ट वारकऱ्यांना कळली आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडचे येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आले आणि मराठी शिकून त्यांनी जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली छापले गेले. आमच्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबलचे सुबोध मराठी भाषांतर केले आणि २०२० साली उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ साली ते गेले. वसईचेच बिशप थॉमस डाबरे यांनी डॉक्टरेटसाठी विषय निवडला तो तुकोबांच्या देवानुभवाचा. २००९ मध्ये ते पुण्याचे बिशप झाले. म्हणजे ज्या धर्मप्रांतातून तुकोबांची पालखी जाते त्याचाच बिशप तुकोबांचा अभ्यासक होता! अशी माणसे पाहिली की मराठी मुलाला वाटते, हा मार्ग परका नाही, आपल्या अंगणातून जातो.

तिसरी गोष्ट सेवेची. बारामती-इंदापूरच्या जिराईत पट्ट्याला ती वेगळी सांगायला नको. बारामतीत ऑस्ट्रेलियन मिशनचे काम होते. ते प्रोटेस्टंट, आमच्यातले नव्हेत. दुष्काळी वर्षांत चर्चच्या मदतीतून आलेल्या धान्याच्या मोबदल्यात या तालुक्यात पाझर तलावांची कामे झाली, हे जुनी माणसे अजून सांगतात. शेजारच्या नगर जिल्ह्यात, आताच्या अहिल्यानगरात, स्वित्झर्लंडहून १९४८ साली आलेले फादर हर्मन बाखर यांनी पाणलोटाच्या कामात हयात घालवली. डोंगरावर चर खणून पाणी अडवणारा धर्मगुरू पाहिलेल्या मुलाला पाचारणाचा अर्थ पत्रकातून समजावून द्यावा लागत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. एक रास्त आक्षेप असा की कोवळ्या पोराला आयुष्यभराचे ब्रह्मचर्य काय कळणार? म्हणूनच दहावीतल्या मुलावर गळ टाकू नये, गरिबाघरच्या मुलाला शिक्षणाचे आमिष दाखवू नये, आणि गेलेला मुलगा परत आला तर घराने त्याला अपयशी म्हणू नये. दहा वर्षांचे शिक्षण पारखण्यासाठीच असते. परत येण्याचे दार उघडे असेल तरच आत जाण्याला किंमत. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. गेल्या काही दशकांत अनेक देशांत धर्मगुरूंनी मुलांवर केलेले अत्याचार उघडकीस आले आणि ते झाकणारे वरिष्ठही उघडे पडले. ज्या आईबापांना हे ठाऊक आहे, त्यांनी मुलगा देताना चर्चला प्रश्न विचारले तर त्याला अश्रद्धा म्हणता येणार नाही. प्रश्नांना सरळ उत्तर देणारे चर्चच मुलगा मागू शकते. आणि जिथे धर्मगुरू पुरे पडत नाहीत, तिथे प्रापंचिक स्त्री-पुरुषांना प्रार्थना, शिकवण, हिशेब यांचा भार खुल्या मनाने सोपवावा. आमच्या इंदापूरच्या त्या चार घरांची उपासना मुख्यतः एका परिचारिकाबाईंनी चालवली होती. त्या नसत्या तर महिन्यातून एकदा येणाऱ्या धर्मगुरूंना मिस्सेसाठी समोर कुणी दिसलेच नसते.

वारकऱ्यांकडेही सारे आलबेल आहे असे नाही. जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथल्या साधेपणाविषयी आजही आदराने बोलले जाते, आणि त्याच तोंडाने कीर्तनाच्या वाढत्या बिदागीची कुरकूरही होते. कीर्तनकाराला टाळ्या वाजवणारे पुष्कळ. मुलाला आळंदीला पाठवणारे किती? तेव्हा हा प्रश्न एकट्या कॅथॉलिकांचा नाही. ज्याला ज्याला आपली उपासना पुढच्या पिढीत चालावी असे वाटते, त्या सर्वांचा आहे.

भाच्याला मी एवढेच सांगितले की मुलाला समजावण्यासारखे काही नाही. त्याने पदवी पुरी करावी, वर्षभर नोकरी करून पाहावी, चार धर्मगुरूंचे दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत जवळून पाहावेत. आणि त्यानंतरही ओढ राहिली तर वाट अडवू नये. भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मामा, सांगणं सोपं आहे.” सोपे नाहीच. पण ज्या घरांना ते जड जाते, तीच घरे दर रविवारी धर्मगुरू मिळावेत म्हणून हात जोडतात. ती प्रार्थना चालू ठेवायची असेल, तर तिच्यात आपल्या मुलाचे नाव येऊ शकते हे मान्य करूनच ती म्हटली पाहिजे.