ज्ञानात लक्षणीय वाढ

नर्सिंग कॉलेजच्या ग्रंथालयात एक कपाट असतं. मरून रेक्झिनची बांधणी, वर सोनेरी अक्षरं, आत वर्षावर्षांचे प्रबंध. जालना असो, परभणी असो की पुणे, कपाट तेच. त्यातला कुठलाही प्रबंध काढा, शीर्षक साधारण असं असतं: ‘निवडक गावांतील किशोरवयीन मुलींच्या मासिक पाळीतील स्वच्छतेविषयीच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाचा परिणाम’. मुलींच्या जागी गरोदर बाया घाला, ऊसतोड कामगार घाला, वीटभट्टीवरच्या आया घाला. स्वच्छतेच्या जागी रक्तक्षय, स्तनपान, डेंगी, क्षयरोग. सांगाडा हलत नाही.

सांगाडा असा. साठ जणी घ्यायच्या, कारण आधीच्या बॅचनेही साठच घेतल्या होत्या. पहिल्या दिवशी तीस प्रश्नांची प्रश्नावली भरून घ्यायची. मग पाऊण तास तक्ते दाखवून व्याख्यान. सातव्या दिवशी तीच प्रश्नावली पुन्हा. उत्तरं सांगून झाल्यावर आठवड्याने तेच प्रश्न विचारले तर गुण वाढणारच, ते वाढतात. टी-टेस्ट लावायची, पी व्हॅल्यू 0.05 च्या खाली येते, आणि निष्कर्षाच्या पानावर वाक्य उमटतं: ‘ज्ञानात लक्षणीय वाढ दिसून आली.’ शेवटी शिफारस, की हाच अभ्यास मोठ्या नमुन्यावर करावा. पुढची बॅच साठच घेते.

ओळखीतल्या मुलींच्या अशा प्रश्नावल्यांचं मराठी मी बऱ्याचदा तपासून दिलं आहे. ‘पाळीच्या काळात पॅड किती तासांनी बदलावे?’ खाली अ, ब, क, ड. कुठे बदलावं, हा प्रश्न एकाही प्रश्नावलीत मला सापडलेला नाही. उसाच्या फडात आडोसा नसतो, पाणी नसतं, पालात न्हाणी नसते. तिथल्या बाईने ‘ब’ वर खूण केली काय आणि ‘क’ वर केली काय, तिच्या दिवसात काही फरक पडत नाही. पण आमच्या लेखी ती आधी 30 पैकी 11 होती आणि आता 23 झाली.

मला या प्रबंधांच्या सुमारपणाबद्दल तक्रार करायची नाही. विद्यार्थ्यांचं काम आहे, कच्चं असायचंच. माझा आक्षेप प्रश्नाच्या दिशेला आहे. ज्यांना आरोग्यसेवा मिळत नाही त्यांच्याकडे जाऊन आपण त्यांचीच परीक्षा घेतो, आणि सेवा का मिळत नाही ते विचारत नाही. परीक्षेला बसते बाई, नापास होते बाई, आणि आठवड्याने पास होऊन कॉलेजला प्रमाणपत्र मिळवून देते तीही बाईच.

जालन्यापुरतंच बोलू. ‘जालना सोने का पालना’ असं म्हणायची इथे रीत आहे. सळईचे कारखाने, बियाण्यांच्या कंपन्या, मोसंबीच्या बागा, या सगळ्याला धरून ते खरंही आहे. पण 2012-13 च्या दुष्काळात याच जिल्ह्यात लोकांनी वाळलेल्या मोसंबीच्या बागांवर कुऱ्हाड चालवली. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 19 लाख 59 हजार होती आणि पाचातले चार लोक खेड्यांत राहत होते. (2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आजही तोच आकडा चघळावा लागतो.) सपाट प्रदेशात पाच हजार लोकांमागे एक उपकेंद्र, तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा सरकारचाच निकष. म्हणजे 2011 च्या लोकसंख्येलाही खेड्यांसाठी तीनशेवर उपकेंद्रं लागतात. किती आहेत, त्यातली किती इमारतीत आहेत, किती ठिकाणी सिस्टर राहते, महिन्यातले किती दिवस कुलूप उघडं असतं, हे चार मुलींचा गट एका पोस्टिंगमध्ये एका तालुक्यापुरतं मोजू शकतो. त्याला टी-टेस्ट लागत नाही, वही आणि एसटीचा पास पुरतो.

हे का होत नाही? परवानगी लागते म्हणून. बायांच्या ज्ञानाचा अभ्यास करायचा असेल तर सरपंच लगेच सही देतात, मुख्याध्यापक देतात, आरोग्य अधिकारीही देतात, वर चहा पाजतात. उपकेंद्राचं कुलूप मोजायचं म्हटलं की सही महिनाभर फिरते. कॉलेजलाही पुढच्या वर्षी याच केंद्रांत मुली पाठवायच्या असतात, कुणाला दुखवून कसं चालेल? गाइड बाई समजुतीच्या सुरात सांगतात, ‘अगं, ज्ञानावर घे ना, सोपं पडेल.’ सोपं पडतंच. वाईट वाटेल अशी एकच व्यक्ती त्यात असते, आणि तिला प्रबंध वाचता येत नाही.

गोदावरी ओलांडली की बीड. अंबड-घनसावंगीकडचे आणि पलीकडचे लोक एकाच हंगामात, एकाच प्रकारच्या ट्रक-ट्रॅक्टरमधून कारखान्यांवर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्यावर मिळते. बाई आजारी पडून घरी बसली तर खाडा. खाड्याला पाचशे रुपये किंवा त्याहून जास्त कापतात, हे 2019 साली बातम्यांत पुन्हापुन्हा आलं. ते आलं कारण बीडच्या ऊसतोड बायांची गर्भाशयं तरुण वयात काढली जात असल्याचं उघड झालं होतं. सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली, म्हणजे दर सहा जणींत एक.

आता आपला सांगाडा इथे लावून बघा. ‘ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या आरोग्याविषयीच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाचा परिणाम.’ असं शीर्षक उद्या कुणी घेतलं तर मला नवल वाटणार नाही. पण त्या बायांना काय कमी माहीत होतं? पोटात दुखतं हे माहीत होतं, खाडा परवडत नाही हे माहीत होतं, पाळीचे चार दिवस फडात कसे जातात हे तर त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ हे मात्र त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, आणि सांगणारा डॉक्टर होता. हे अज्ञान मोजायचं असेल तर प्रश्नावली दवाखान्याच्या आतल्या खोलीत न्यावी लागेल. तिथे जायची परवानगी कोण देतं?

नर्सिंगच्या पोरींना पहिल्या वर्षी फ्लॉरेन्स नाइटिंगेल शिकवतात. हातात दिवा, चेहऱ्यावर करुणा. ती बाई मुळात आकडेवाली होती, हे ओझरतं येतं. क्रायमियाच्या युद्धात जखमांपेक्षा रोगांनी जास्त सैनिक मेले, हे तिने 1858 साली आकृत्या काढून मंत्र्यांच्या तोंडावर मारलं. हिंदुस्थानात ती कधी आली नाही, पण इथल्या लष्करी ठाण्यांना तिने प्रश्नांचे तक्ते पाठवले. त्या काळी जालन्यातही इंग्रजांची छावणी होती. तक्त्यांत काय विचारलं होतं? पिण्याचं पाणी कुठून येतं, गटारं कुठे जातात, बराकीत किती माणसं कोंबली आहेत. उत्तरं द्यायची होती अधिकाऱ्यांनी. 1863 च्या अहवालात हिंदुस्थानातल्या गोऱ्या सैनिकांचा मृत्युदर हजारी 69 नोंदवला गेला आणि साम्राज्याला लाज वाटली. (हिंदी माणसाच्या मृत्यूची लाज वाटायला अजून अवकाश होता, ती गोष्ट वेगळी.) सैनिकांना हात धुण्याविषयी तीस प्रश्न विचारून तिने त्यांचं ज्ञान वाढवलं असतं, तर तिचं नाव आज कुणाला ठाऊक असतं?

फार लांबचं उदाहरण वाटत असेल तर गडचिरोलीला या. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या 650 स्त्रियांना तपासलं आणि 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, की 92 टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग आहे, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम 8 टक्के. प्रश्न रोगाचा होता आणि तपासणीच्या अभावाचा होता. पुढे गावातल्याच बायांना शिकवून त्यांनी नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी खाली आणले; तो निबंध 1999 चा. म्हणजे शिकवणं त्यांनीही केलंच. फरक इतकाच, की त्यांच्या लेखी शेवटची नोंद गुणांची नव्हती, बाळ जगलं की गेलं याची होती. जामखेडला आरोळे दांपत्याने 1970 पासून हेच केलं, शाळा न शिकलेल्या बायांना हाताशी धरून.

आता दुसरं कपाट. खरं तर त्याच कपाटाचा खालचा कप्पा: ‘नर्सिंग विद्यार्थिनींमधील ताणतणाव’. शेल्डन कोहेन यांनी 1983 साली तयार केलेली ताण मोजण्याची पट्टी घ्यायची, वसतिगृहातल्या साठ मुलींकडून भरून घ्यायची, मग त्यांना आठवडाभर स्नायू शिथिल करायचे व्यायाम किंवा प्राणायाम. पट्टीवरचा आकडा उतरतो. ताणात लक्षणीय घट.

हे वाचताना हसू येतं आणि मग येत नाही. या मुली कोण असतात? मराठवाड्यातल्या नर्सिंग कॉलेजांत कोरडवाहू शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या, मंठा-परतूरकडच्या तांड्यांवरच्या मुली मोठ्या संख्येने येतात, कारण नर्सिंग केलं की कुठे ना कुठे काम मिळतं आणि काम मिळालं की लग्न दोन वर्षं लांबतं. ज्या जिल्ह्यात दर तीन मुलींमागे साधारण एकीचं लग्न अठराच्या आत उरकतं, तिथे ही दोन वर्षं थोडी नाहीत. अशा मुलीला ताण कसला असतो, ते तिला विचारा. शिष्यवृत्ती आली नाही म्हणून परीक्षेचा अर्ज अडला. वॉर्डात शिकायला पाठवलं आणि माणसं कमी म्हणून रात्रपाळीला जुंपलं. सहा जणींच्या खोलीत दहा जणी. घरून फोन, की पाहुणे बघायला येताहेत. पुढे काय, तर कंत्राटी नोकरी. मे 2022 मध्ये राज्यातल्या परिचारिका बाह्यस्रोतातून होणाऱ्या भरतीविरुद्ध संपावर गेल्या होत्या, ते या मुलींनी पाहिलेलं आहे. यातल्या कुठल्या गोष्टीवर अनुलोम-विलोम चालतो?

विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांचा प्रश्न इतका पुढे गेला, की मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला न्या. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमावं लागलं. आणि आपण अजून मुलीलाच सांगतो आहोत, खोल श्वास घे.

दोन्ही कप्प्यांत एकच युक्ती आहे, आणि दोन्हीकडे माणसंही पुष्कळदा एकाच घरातली आहेत. तांड्यावरच्या बाईपुढे प्रश्नावली घेऊन बसलेली मुलगी त्याच तांड्यावरची नसली तर शेजारच्या तांड्यावरची असते. समोरची तिची मावशी असू शकते. लोहाच्या गोळ्या बाई का खात नाही, हे तिला पक्कं माहीत असतं: केंद्रात दोन महिने गोळ्या आल्याच नाहीत, किंवा उपाशीपोटी घेतल्या की मळमळतं आणि पोटात दुपारपर्यंत काही पडत नाही. पण प्रश्नावलीत त्याला रकाना नाही. मग ती आपलं माहीत असलेलं बाजूला ठेवते आणि मावशीच्या नावापुढे ‘अपुरे ज्ञान’ लिहिते. चार वर्षांच्या शिक्षणात या मुलीकडून आपण हेच काढून घेतो, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. तिच्याकडे जी माहिती होती ती तिच्या कुठल्याच प्राध्यापकाकडे नव्हती.

हे सगळं आता वाढणार आहे. 9 ऑक्टोबर 2024 ला राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात जालना आहे. त्याआधी 2023 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात देशभर 157 नर्सिंग महाविद्यालयं जाहीर झाली होती. चांगलंच आहे, माणसं हवीतच. पण प्रत्येक कॉलेजमागे दरवर्षी काही प्रकल्प धरले, तर ज्ञानात किती लक्षणीय वाढ होईल याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

या प्रबंधांत ‘वगळण्याचे निकष’ नावाचा एक परिच्छेद असतो. त्यात हमखास एक ओळ असते: ‘अभ्यासाच्या काळात गावात उपस्थित नसलेल्या स्त्रिया.’ घरोघरच्या पाहणीच्या वहीत तीच गोष्ट ‘घर बंद’ म्हणून येते. दिवाळी झाली की घनसावंगीकडच्या कितीतरी वस्त्यांवर एका ओळीत दहा-दहा घरं बंद असतात, ती मार्च-एप्रिलपर्यंत. उरतात म्हातारी माणसं, थोडी पोरं, कुत्री. त्या काळात पोस्टिंग आलं तर साठचा नमुना दुसऱ्या गल्लीतून पूर्ण होतो आणि प्रबंधाचं नाव मात्र ‘वंचित समाजघटकांचं आरोग्य’ असं राहतं.

म्हणून एक साधी मागणी करतो, तीही यंदाच्याच बॅचसाठी. गाळप सुरू व्हायच्या आधीच्या पंधरवड्यात मुली वस्तीवर पाठवा. जाणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईचा महिना, रक्ताचा आकडा आणि कुठल्या कारखान्यावर चालली ते लिहून घ्या. ती यादी तिथल्या आरोग्य केंद्राला पाठवा आणि तिथून काही उत्तर येतं का ते नोंदवा. एप्रिलमध्ये परत जा. बाळंतपण कुठे झालं, कोणी केलं, बाळ आहे का, एवढे तीनच प्रश्न विचारा. आणि आरोग्य अधिकाऱ्यांनी सही द्यायला किती दिवस लावले, ती तारीखही प्रबंधात छापा, पहिल्याच पानावर.