नव्या घराला गॅसचीच ग्रिल हवी

डोंगरी, भेंडीबाजार सोडून मीरा रोड, मुंब्रा, पनवेलकडे राहायला गेलेल्या घरांत पहिल्या बकरी ईदच्या आधी एक वाद हमखास होतो. कबाब कशावर भाजायचे? सध्या हा वाद आमच्या घरात चालू आहे. माझे मोठे दीर म्हणतात, कोळशाशिवाय कबाब म्हणजे मिठाशिवाय सालन. मुलांना मोबाइलवर दिसणारी सहा बर्नरची चकचकीत ग्रिल हवी आहे. माझं मत दोघांपेक्षा वेगळं आहे. दोन बर्नरची, झाकण असलेली साधी गॅस ग्रिल घ्यावी आणि ती फक्त गच्चीवर पेटवावी.

आधी चवीचं बोलू. आपल्याला जो 'कोळशाचा वास' आवडतो, त्यातला बराचसा कोळशाचा नसतोच. मटणाची चरबी आणि मसाल्याचा रस तापलेल्या निखाऱ्यावर ठिबकतो, जळतो आणि त्याचा धूर पुन्हा कबाबाला लागतो. गॅस ग्रिलमध्ये बर्नरवर लोखंडी पत्रे असतात. तेच थेंब त्यांच्यावर पडतात आणि तोच धूर होतो. तरीही कोणाला कोळसाच हवा असेल, तर आपल्याकडे धुंगार आहे. कीम्याच्या मधोमध वाटी ठेवायची, तीत एक लाल निखारा, वर चमचाभर तूप आणि लगेच झाकण. एका निखाऱ्यात जे काम होतं, त्यासाठी गोणीभर कोळसा जाळायची गरज नाही.

दुसरी गोष्ट जिवाची. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. जुन्या घरी शेगडी अंगणात किंवा गल्लीत पेटायची, वारा सगळं घेऊन जायचा. नव्या फ्लॅटच्या बाल्कनीला काचा लावलेल्या असतात. पाऊस आला म्हणून शेगडी आत ओढणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. निखारे विझल्यासारखे दिसले तरी हा वायू सुटत राहतो.

गॅस आणला म्हणजे बाल्कनी सुरक्षित झाली, असंही नाही. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली बसतो आणि कठड्याच्या आत साठतो. म्हणून गच्ची. पेटवण्याआधी झाकण उघडायचं, नळीच्या जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघायचं. काडी पेटवून गळती शोधायची नाही.

आता खरेदी. सहा बर्नर परदेशातल्या मोठ्या अंगणासाठी ठीक आहेत. आपल्याला दोन पुरतात, फक्त दोघांना वेगवेगळे खटके हवेत. एका बाजूला आच ठेवून शीग कबाब भाजता येतात. दुसरी बाजू बंद ठेवून झाकणाखाली रान सावकाश शिजते. जाळी जड बिडाची असावी, ती ताप धरून ठेवते. चरबीचा ट्रे बाहेर काढता यावा. बाहेरून मागवलेल्या ग्रिलचा जोड आपल्या सिलिंडरला बसेलच असं नाही. जुगाड करण्यापेक्षा इथल्या रेग्युलेटरवर चालणारीच घ्यावी. खर्चाचा हिशोबही सोपा आहे. दोन्ही बर्नर मिळून 6 किलोवॅटचे असतील तर तासाला साधारण अर्धा किलो गॅस लागतो. म्हणजे 14.2 किलोचा सिलिंडर जवळपास 30 तास पुरेल.

आणखी एक गोष्ट पुरुषमंडळी बोलत नाहीत. निखारे फुलवायचा मान त्यांचा, पण राख काढणं, काळ्या भिंती पुसणं आणि धुराचे कपडे धुणं कोणाच्या वाट्याला येतं? बायकांच्या छातीत धूर जाऊ नये म्हणून सरकारने 2016 मध्ये उज्ज्वला योजना आणली. गावच्या चुलीबद्दल आपण हळहळतो आणि शहरात हौसेने धूर करतो!

शेवटचा प्रश्न शेजाऱ्यांचा. रस्सा करताना पाणी थोडं जास्त घाल आणि शेजाऱ्याची आठवण ठेव, ही पैगंबरांची शिकवण आपण मुलांना सांगतो. मग आपला धूर वरच्या मजल्यावरच्या दमेकऱ्याच्या खोलीत कसा सोडायचा? मिश्र वस्तीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. शेजाऱ्यांची तक्रार धुराची असेल, तर ती रास्त आहे आणि गॅसने बरीच मिटते. तक्रार खरं तर मटणाची असेल, तर धूर कमी झाल्यावर ते उघड होतं. मग त्यावर आडून न बोलता समोरासमोर बसून बोलता येतं. माझ्या मते हा गॅसचा सर्वांत मोठा फायदा आहे.

म्हणून दुकानात जाण्याआधी सोसायटीच्या कमिटीला अर्ज द्या. गच्ची कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत हवी आहे ते लिहा. सामायिक जागेची साफसफाई आम्ही करू, हेही लिहा. परवानगी मिळाली तर ग्रिल घ्या. नाही मिळाली तर घरच्या तव्यावर शामी कबाब करा आणि धुंगार द्या. ईद त्यानेही गोड होते.