आई-बाबांना घेऊन चार दिवस स्टेट पार्कात राहा

पुढच्या उन्हाळ्यात ज्यांचे आई-बाबा किंवा सासू-सासरे भारतातून अमेरिकेत येणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. विशेषतः न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियातल्या मराठी घरांसाठी, कारण तो भाग माझ्या माहितीचा आहे.

आपल्याकडे पाहुण्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, जमलं तर फ्लोरिडा. मधल्या सोमवार ते शुक्रवारात तुम्ही कामावर, मुलं शाळेत किंवा समर कॅम्पला, आणि म्हातारी माणसं चार भिंतींत. त्यांना गाडी चालवता येत नाही, चालत जाण्याजोगं दुकान नसतं, शेजारी दिसत नाहीत. संध्याकाळी तुम्ही दमून येता. मग शनिवारी पहाटे उठून पाचशे मैलांचा दौरा, रविवारी रात्री परत. फोटो भरपूर निघतात, पण नातवंडांच्या सोबत निवांत बसणं राहूनच जातं.

माझं सांगणं एवढंच आहे, की या यादीतला एक दौरा कापा आणि त्या जागी एखाद्या स्टेट पार्कात केबिन घेऊन तीन-चार रात्री राहा. एकाच ठिकाणी. दुसऱ्या दिवशी कुठेही जायचं नाही अशा बेताने.

पेनसिल्व्हेनियात अशी सुमारे सव्वाशे स्टेट पार्क आहेत आणि त्यांना प्रवेश शुल्क नाही. ही सोय आपोआप झालेली नाही. १९५५ साली मॉरिस गोडार्ड यांच्याकडे राज्याच्या वनखात्याची धुरा आली, आणि राज्यातल्या प्रत्येक माणसाला घरापासून पंचवीस मैलांच्या आत एक स्टेट पार्क मिळालं पाहिजे असं त्यांनी ठरवलं. ज्याच्याकडे पैसा आहे तो डोंगरात घर बांधील, पण कामगाराच्या पोरांनाही तळं आणि झाडं हक्काने मिळावीत, हा त्यामागचा विचार. आपण या राज्यांत कर भरतो, मग या जागाही आपल्याच आहेत. तरी आपल्यातली पुष्कळ कुटुंबं तिथे फारफार तर एखाद्या दुपारच्या पिकनिकला जातात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

एक ठिकाण नावानिशी सांगते. पोकोनोच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० फुटांवर प्रॉमिस्ड लँड नावाचं पार्क आहे. एडिसनकडून साधारण दोन तासांचा रस्ता. दोन तळी आहेत, चारी बाजूंना राज्याचं राखीव जंगल आहे. खालच्या तळ्याकाठी बारा जुन्या लाकडी केबिन आहेत, आणि त्यांची गोष्ट आई-बाबांना आवर्जून सांगा. १९३३ मध्ये महामंदीच्या काळात अध्यक्ष रूझवेल्ट यांनी बेकार तरुणांसाठी सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर नावाची योजना काढली. पोरांना छावणीत राहायला जागा, जेवण, कपडे आणि महिना तीस डॉलर. त्यातले पंचवीस थेट घरी पाठवले जात. त्याआधीच्या पन्नास-साठ वर्षांत लाकूडतोडीने पेनसिल्व्हेनियाचे डोंगर बोडके झाले होते. या पोरांनी झाडं लावली, रस्ते आणि बांध घातले, केबिन उभ्या केल्या. योजना १९४२ मध्ये संपली, केबिन अजून वापरात आहेत.

ज्यांनी बहात्तरचा दुष्काळ पाहिला आहे त्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. रोजगार हमीची कामं, रस्त्याकडेला खडी फोडणारी माणसं, पाझर तलाव, रेशनवरचा मिलो. आजोबा बोलायला लागले की मुलांना बोलवा आणि ऐकायला बसवा. दिवाणखान्यात टीव्हीसमोर या गोष्टी निघत नाहीत. अशा भिंतींमध्ये बसलं की निघतात.

आता केबिन निवडताना काय बघायचं ते. ‘रस्टिक’ केबिन दिसायला फार सुंदर, पण पुष्कळ ठिकाणी स्वच्छतागृह बाहेर, थोडं चालून जावं लागेल असं असतं. रात्री दोनदा उठावं लागणाऱ्या माणसाला तिथे ठेवणं हा छळ आहे. ज्येष्ठ बरोबर असतील तर ‘मॉडर्न’ केबिनच घ्या; तिच्यात आतच संडास-न्हाणी, स्वयंपाकघर आणि दोन-तीन झोपायच्या खोल्या असतात. किती खाटा दुमजली आहेत तेही आरक्षणाच्या वेळी वाचा. आजींना शिडी चढून झोपायला सांगू नका.

पेनसिल्व्हेनियात बहुतेक केबिनमध्ये चादरी-पांघरुणं आणि स्वयंपाकाची भांडी मिळत नाहीत, आपली न्यावी लागतात. आपल्या लोकांना ही अडचण वाटता कामा नये. कुकर, कढई, तवा, पोळपाट-लाटणं, मसाल्याचा डबा, चहाचं पातेलं, न्हाणीसाठी मग. जूनमध्येसुद्धा रात्री स्वेटर लागतो, म्हणून कानटोपी आणि शाली न्या. फोडणी देताना खिडकी उघडा, नाहीतर धुराचा भोंगा वाजेल. तळणीचं तेल सिंकमध्ये ओतू नका.

खरा स्वयंपाक मात्र बाहेरच्या लोखंडी कड्यातल्या विस्तवावर करा. इथली मोठी जांभळी वांगी भरताला उत्तम असतात. निखाऱ्यावर वांगं भाजायला आजींना द्या, राखेत बटाटे पुरू द्या, कणसं भाजू द्या. विस्तव कसा धरवायचा, लाकूड कसं रचायचं, फुंकर कुठून घालायची, हे तुमच्या घरात फक्त त्यांना येतं. इथे आल्यापासून त्या माउलीला मायक्रोवेव्हची बटणंसुद्धा दहा वर्षांच्या नातवाला विचारावी लागलेली असतात. इथे तिला विचारायला नातू येईल. मी केबिनचा आग्रह धरते त्यातला अर्धा आग्रह यासाठीच आहे.

लाकूड घरून नेऊ नका. लाकडात किडींची अंडी लपलेली असतात. ॲश नावाचं झाड पोखरणारा हिरवा भुंगा असाच जळणाच्या लाकडातून पसरला आणि त्याने अमाप झाडं मारली. ठिपकेवाली लँटर्नफ्लाय या देशात पहिल्यांदा सापडली ती पेनसिल्व्हेनियातच, बर्क्स काउंटीत, २०१४ मध्ये. पार्काजवळ विकत मिळतं तेच जाळा.

अस्वलांचं भय किती बाळगायचं, हा प्रश्न प्रत्येक आई विचारते. इथलं काळं अस्वल माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. ते वासाच्या मागे येतं. जेवण झाल्यावर वांग्याची सालं, कणसाची बुरखुंडं, तुपाचा डबा, सगळं आवरून कचरा अस्वलाला उघडता न येणाऱ्या पेटीत टाका. बदकांना पोळीचे तुकडे आणि खारींना शेंगदाणे घालायचा मोह आजोबांना होईल. त्यांना समजावून सांगा, की इथे वन्य प्राण्यांना खाऊ घालणं मना आहे आणि ते त्या प्राण्यांच्याच भल्याचं आहे.

अस्वलापेक्षा गोचिडीची काळजी जास्त करा. लाइम रोग पसरवणारी काळ्या पायांची गोचीड पेनसिल्व्हेनियात मुबलक आहे, आणि मे ते जुलै या काळात तिची पिल्लं दोन मिलिमीटरहूनही लहान असतात. चालायला जाताना पूर्ण पँट, मोजे पँटवर ओढलेले, कपडे फिकट रंगाचे म्हणजे गोचीड दिसते. परत आल्यावर सगळ्यांचे गुडघ्यामागे, काखेत, कमरेला, कानामागे, केसांत बघा. ज्येष्ठांना स्वतःला नीट दिसत नाही आणि सांगायला संकोच वाटतो, म्हणून तुम्हीच पुढाकार घ्या. गोचीड चिकटलेली सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल लावणं, काडीने चटका देणं, हे गावाकडचे उपाय करू नका. साधारणपणे चोवीस तासांहून जास्त चिकटून राहिली तरच लाइमची लागण होते, म्हणून रोज बघणं हाच मोठा बचाव. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला किंवा पसरणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरांकडे जा, आणि तोवर आई-बाबा भारतात परतले असतील तर तिथल्या डॉक्टरांना गोचिडीचं आवर्जून सांगा.

अजून एक धोका, एका वनस्पतीचा. पॉयझन आयव्हीला बेलासारखी त्रिदळं असतात. तोडलेल्या पानाचा चीक अंगाला लागला की कित्येक दिवस खाज आणि फोड येतात. तीन पानं दिसली की हात लावायचा नाही, एवढं मुलांना आणि आजींना दोघांनाही बजावून ठेवा.

दिवसभर करायचं काय, असं विचाराल तर फार काही नाही. प्रॉमिस्ड लँडच्या तळ्यात एक बेट आहे, पुलावरून तिथे जाता येतं आणि सुमारे सव्वा मैलाची जवळपास सपाट वाट बेटाला वळसा घालते. गुडघे बरे असतील तर कुणालाही जमेल. जूनच्या उत्तरार्धात माउंटन लॉरेल फुलतं, तेच या राज्याचं फूल. नाव भाड्याने घेतलीत तर बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना कयाक आणि कनूमध्ये लाइफ जॅकेट घालणं कायद्याने सक्तीचं आहे. तुम्ही मोठ्यांनीही घाला. पोहायच्या किनाऱ्यांवर बहुतेक ठिकाणी जीवरक्षक नसतात, म्हणून मुलं पाण्यात असताना एका मोठ्या माणसाने फोन बाजूला ठेवून त्यांच्याकडेच बघत बसायचं. दारू या पार्कांत चालत नाही, तेव्हा आइसबॉक्समध्ये बिअर भरू नका.

धबधब्यांची हौस असेल तर रिकेट्स ग्लेन. नाव असलेले बावीस धबधबे, सर्वांत उंच गनोगा ९४ फुटांचा, आणि राहायला दहा मॉडर्न केबिन. पण धबधब्यांची पूर्ण वाट सात मैलांहून मोठी आहे, उंच दगडी पायऱ्यांची आणि ओली. ती तरुणांनी चालावी. ज्येष्ठांसाठी ११८ नंबरच्या रस्त्यालगत ॲडम्स धबधबा आहे, गाडी लावल्यावर थोडकंच चालावं लागतं. आई-बाबांना ‘येईल हो तुम्हाला’ म्हणून मोठ्या वाटेवर ओढू नका. ते नाही म्हणणार नाहीत, आणि पडले तर सगळ्यांचाच उन्हाळा जाईल.

रात्रीसाठी मात्र जागं राहा. जूनच्या शेवटी काजवे निघतात. भंडारदऱ्याचे काजवे पाहायला लोक मुंबईहून जातात, इथे ते केबिनच्या दारात येतात. आणि आकाश आजोबांच्या हाती सोपवा. पुण्यात ध्रुव क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर असतो, इथे एक्केचाळीस अंशांवर. सप्तर्षी इथे मावळतच नाहीत म्हटलं तरी चालेल, आणि वृश्चिक दक्षिणेला अगदी खाली झाडांच्या शेंड्यांशी रेंगाळतो. तिकडे डोक्याकडे चढणारं नक्षत्र इथे इतकं खाली का, याचं उत्तर नातवंडांनी आजोबांबरोबर शोधावं. पृथ्वी गोल असल्याचं त्यांना पुस्तकातून कळलंच आहे, इथे डोळ्यांनी दिसेल. चांदण्या हव्या असतील तर अमावास्येच्या आसपासच्या तारखा धरा.

निघण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा. पाहुण्यांच्या विम्यात जुन्या आजारांवरचे उपचार धरलेले आहेत का, कारण पुष्कळदा नसतात. सर्वांत जवळचं इस्पितळ कुठे, याचा नकाशा छापून घ्या, कारण जंगलात फोन लागेलच असं नाही. औषधं दोन दिवस जास्तीची, आणि इन्शुलिन असेल तर पोचल्याबरोबर फ्रिजमध्ये.

जमलं तर सोमवार ते गुरुवार जा. त्या दिवसांत तळ्यावर गर्दी कमी. रजा तुम्हालाही काढावी लागेल. आई-बाबा सहा महिने इथे असतात, त्यातले चार दिवस तुमच्या कामापेक्षा मोठे आहेत असं मी समजते.

आरक्षण अकरा महिने आधी उघडतं. म्हणजे पुढच्या जूनची केबिन या जुलैतच मिळू लागेल, आणि चांगल्या केबिन पटकन जातात. आज रात्री आई-बाबांना फोन करा, गुडघे कसे आहेत ते विचारा, ते साधारण केव्हा येणार ते ठरवा, आणि विमानाची तिकिटं काढण्याआधी केबिन धरून ठेवा.