खेळाचा तास आणि ऊन

आमच्या नांदगाव खंडेश्वरात पाण्याची टंचाई पुष्कळदा पडली. उन्हाची मात्र कधी पडली नाही. वैशाखात तर वऱ्हाडातले ऊन अगदी नकोसे होते. अशा गावातील मुलांना ऊन कमी पडते, असे कोणी म्हटले असते तर मी पूर्वी हसलो असतो.

मी मुख्याध्यापक असताना परीक्षा जवळ आली की सातवीचा खेळाचा तास काढून गणिताला देत असे. पालक संतुष्ट होत. आपण मुलांचे हित साधले, असे मलाही वाटे. आज त्या निर्णयाची मला खंत वाटते. तिचे कारण सांगतो.

अन्नातील कॅल्शियम शरीरात शोषले जाऊन हाडांना मिळावे, यासाठी ‘ड’ जीवनसत्त्व लागते. ते न मिळाल्यास वाढत्या मुलांची हाडे मऊ राहतात, पाय वाकतात. या रोगाला मुडदूस म्हणतात. हे जीवनसत्त्व अन्नात फार थोडे असते. उन्हातील अतिनील किरण अंगावर पडले की आपली त्वचा ते तयार करू लागते. परंतु बंद खिडकीची काच हे किरण अडवते आणि कोवळ्या, तिरप्या उन्हात ते थोडेच असतात. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड झाली की ते चांगले मिळू लागतात, ही सोपी खूण ध्यानात ठेवावी. मात्र उन्हाळ्यातील भर दुपारी सावलीतच बसावे.

ऊन अंगणात असले आणि मूल दिवसभर वर्गात व शिकवणीत असले, तर त्या उन्हाचा काय उपयोग? २०१६ ते २०१८ या काळात देशभर मुलांच्या पोषणाची पाहणी झाली. तीत एक ते चार वर्षांच्या बालकांपैकी शेकडा १४ जणांत, तर दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींपैकी शेकडा २४ जणांत ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव आढळली.

उन्हाइतकेच महत्त्व ताटालाही आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, दूध व फळे वारंवार खात, त्यांची बाळे जन्मतः अधिक भरलेली होती. पुढे मोठेपणी जडणाऱ्या मधुमेहासारख्या रोगांची मुळे आईच्या पोटातील पोषणापर्यंत जातात, असे त्यांचे मत आहे. आपली ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी आणि तीळ यांना म्हणूनच हलके लेखू नये.

येथे कोणी म्हणेल, “एवढा खटाटोप कशाला? गोळी घ्यावी!” अमेरिकेत २५,००० हून अधिक प्रौढांपैकी निम्म्यांना सुमारे पाच वर्षे ‘ड’ जीवनसत्त्व दिले, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या दिल्या. कर्करोग व हृदयविकार दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच आढळले. २०२० मध्ये नैराश्याविषयीही तोच निष्कर्ष निघाला. उदास माणसांत हे जीवनसत्त्व पुष्कळदा कमी आढळते, हे खरे. परंतु उदास माणूस घराबाहेरही कमी पडतो. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण असतेच, असे नाही. ज्याच्या शरीरात उणीव आहे, त्याने वैद्यांच्या सल्ल्याने गोळी अवश्य घ्यावी. पण गोळीत सवंगडी नसतात, धावणे नसते, जिंकण्या-हरण्याची गंमत नसते. मन प्रसन्न होते ते या साऱ्यांनी.

ऊन, श्रम आणि मैत्री या तिन्ही गोष्टी एकाच वेळी व फुकट देणारा तास शाळेत एकच असतो. माझ्यासारखे कोणी मुख्याध्यापक तो मागू लागले, तर मुलांनो, नम्रपणे पण निश्चयाने सांगा, “गुरुजी, हा तासही शिकण्याचाच आहे.”